खाली उतरताना मोठं होणारं वर्तुळ

"सगळे आधीच मेलेत," इरफान म्हणाला. "विहिरीत उतरायच्या आधीच. पहिल्या भागात जीप उलटते ना, तिथंच खेळ खल्लास."

"मग ते भाकरी कशी खातात?" मी विचारलं.

"मेलेल्यांना भूक लागत नाही असं कुठं लिहिलंय?"

"त्यातल्या एकीच्या गुडघ्याला जखम होते. दोन भागांनंतर तिच्यावर खपली दिसते. मेलेल्या माणसाची जखम भरून येत नाही."

"घ्या! शास्त्रज्ञ बाईंनी खपलीपण बघितली." इरफाननं हेमांगीकडं वळून हात जोडले. "हिच्याबरोबर एका खोलीत राहतेस तरी कशी?"

हेमांगी आमच्याखालच्या पायरीवर बसून केस पुसत होती. "झोपते तेव्हा बरी असते," ती म्हणाली.

आम्ही पाण्याच्या टाकीच्या लोखंडी जिन्यावर बसलो होतो. फलटणच्या पुढं, माळावर, कोंबड्यांच्या पैदाशीचं एक मोठं फार्म होतं. एमएस्सी झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळेत मला पहिली नोकरी मिळाली. इरफानही तिथंच कामाला होता. फार्मवर फोनला रेंज फक्त टाकीच्या जिन्यावर यायची, तीही वरच्या पायऱ्यांवर. एरवीही तिथले नियम कडक होते. आत येताना आंघोळ, कपडे बदलायचे, एका विभागातून दुसऱ्यात जाताना पुन्हा आंघोळ. त्या वर्षी जिल्ह्यात कुठंतरी बर्ड फ्लूच्या संशयानं पक्षी मारले, आणि आमचं फाटक बंद झालं. आत होते ते आत राहिले. भाजीचे क्रेटसुद्धा औषधाच्या धुरीतून आत यायचे. तिसऱ्या आठवड्यात आमचे केस कायम ओले आणि बोलणी कायम तीच झाली होती. बोलायला नवीन असं एकच होतं. 'तळ'.

'तळ' हे इंटरनेटवर दर शुक्रवारी येणारं मराठी कॉमिक. चार जण एका जुन्या विहिरीत उतरतात आणि पायऱ्या संपतच नाहीत, एवढीच गोष्ट. वर विहिरीच्या तोंडाचं उजेडाचं वर्तुळ दिसत राहतं. कॉमिक काढणारा 'खडू' या नावानं काढायचा. तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक भागाखाली पुढं काय होणार यावर शेकडो लोक भांडायचे, आणि त्या भांडणात 'सूक्ष्मदर्शी' या नावाला बऱ्यापैकी मान होता. सूक्ष्मदर्शी म्हणजे मी.

तो मान मला जानेवारीत मिळाला होता. चौघांतला वाटाड्या चंद्राबद्दल फार बोलतो, पण त्याच्या बोलण्यात चंद्र नेहमी वाटोळाच असतो, कधीही कोर नसते, हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे या माणसानं आकाश कधी पाहिलेलंच नाही, त्यानं फक्त खालून विहिरीचं तोंड पाहिलंय, असं मी लिहिलं. पुढच्या शुक्रवारी नेमकं तेच निघालं. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. त्यानंतर दोन शुक्रवार कॉमिक आलंच नाही.

आता शेवटचा भाग येत्या शुक्रवारी होता.

"तुझं काय म्हणणं आहे शेवटाबद्दल?" हेमांगीनं मला विचारलं. ती स्वतः कधी अंदाज सांगायची नाही, दुसऱ्यांचे मात्र नीट ऐकून घ्यायची.

"वर्तुळावर अडकलेय मी. ते खाली उतरतायत, तर वरचं वर्तुळ लहान होत जायला पाहिजे. आधी होत होतं तसं. पण गेल्या काही भागांत ते मोठं होत चाललंय. मी पट्टी लावून मोजलंय."

"चुकलं असेल काढणाऱ्याचं," इरफान म्हणाला.

"एकदा चुकला असता तर मान्य केलं असतं. चूक कधी इकडं होते, कधी तिकडं. ही दर वेळी एकाच बाजूला होतेय, म्हणजे ती चूक नाही."

"मग काय आहे?" हेमांगीनं टॉवेल खाली ठेवला होता.

"मंगळवारपर्यंत सांगते. लोकांनाही तेच कळवलंय."

"झालं," इरफान म्हणाला. "आता खडूची काही खैर नाही."

हेमांगी हसली आणि आंघोळीची वेळ झाली म्हणून उठून खाली गेली.

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती माझ्याएवढीच, साताऱ्याची, उबवणी केंद्रात पर्यवेक्षक. फार्मचे मॅनेजर डॉ. भोईटे तिचे सख्खे मामा. वडील गेल्यावर त्यांनीच तिला इथं लावून घेतलं होतं. दोन वर्षांचा करार महिनाअखेर संपत होता आणि मामांना पुढच्या तीन वर्षांच्या करारावर तिची सही हवी होती. ती रोज काहीतरी सांगून टाळायची. खोलीत मच्छरदाणीत भिंतीकडं तोंड करून टॅबलेट घेऊन पडलेली असायची आणि मी जवळ गेले की स्क्रीन पालथी घालायची. कुणीतरी मुलगा असणार असं मी धरून चालले होते. इरफान तर त्या न पाहिलेल्या मुलाला 'जावईबापू' म्हणायचा.

एकदा मी तिला सरळ विचारलं होतं, "सही का करत नाहीस? पगार वाढवून देतायत."

"मला बाहेर काम मिळतंय."

"कसलं?"

"मिळालं की सांगते. नाही मिळालं तर सही करीन. आईला पैसे लागतात, रिकामी बसू शकत नाही मी." मग जरा थांबून म्हणाली, "पण ऋचा, अजून तीन वर्षं इथं काढली तर मी माणसांशी बोलायचं विसरून जाईन गं. आत्ताच बघ, स्वप्नात पण साबणाचा वास येतो."

मंगळवारी सकाळी उबवणी केंद्रात अंडी तपासायची होती. तिथं याला कँडलिंग म्हणतात. अंधाऱ्या खोलीत टेबलात बसवलेल्या दिव्यावर अंड्याची रुंद बाजू टेकवायची. उजेड अंड्यातून आरपार जातो आणि आतलं दिसतं. फळलेलं नसेल तर नुसतं पिवळट, फळलेलं असेल तर लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका. हे काम हेमांगीचं. फाटक बंद झाल्यापासून माणसं कमी होती, म्हणून मी मदतीला बसायचे.

आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी एक अंडं उचललं, दिव्यावर ठेवलं आणि हात तसाच राहिला.

अंड्याच्या रुंद टोकाला कवचाच्या आत हवेची पोकळी असते. दिव्यावर ती उजळ वर्तुळासारखी दिसते. पिल्लू वाढत जातं, अंड्यातलं पाणी हळूहळू उडतं, आणि ती पोकळी मोठी होत जाते. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, आणि गेलं वर्षभर रोज पाहत होते.

"हेमांगी," मी म्हणाले, "ती विहीर नाहीये."

"कुठली?"

"'तळ'मधली. ते अंडं आहे! बघ ना. वर्तुळ मोठं होतंय, कारण ते विहिरीचं तोंडच नाही, ही पोकळी आहे. भिंती गरम लागतात, त्या लोकांनी स्वेटर काढून टाकलेत. भिंतीवरच्या लाल मुळ्या म्हणजे शिरा. गेल्या भागात ठोके ऐकू आले ते काळजाचे. त्यांना वाटतंय आपण अडकलोय आणि सुटका तळाशी आहे. पण तळ नाहीच. ते चौघं मिळून एकच जीव आहेत आणि त्याची वेळ भरत आलीय. खाली जायचंच नाही. भिंत फोडायची. तोच शेवट!"

माझा आवाज नक्कीच चढला होता. इतका आनंद मला एमएस्सीच्या निकालानंही झाला नव्हता.

हेमांगीनं हातातलं अंडं परत ट्रेमध्ये ठेवलं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, बोटांवर तेवढा उजेड होता.

"टाकलंस का तू हे?"

"आत्ताच तर सुचलं. संध्याकाळी टाकते, टाकीवर."

"नको टाकू."

"का?"

"शुक्रवारी लोक वाचतील तेव्हा मजा जाईल त्यांची."

"अगं, मजा ओळखण्यातच आहे. लोक वाट बघतायत माझ्या पोस्टची."

"लोक बघतायत गं. पण काढणाऱ्याचं काय? समज, त्याचं काही अवलंबून असेल या शेवटावर."

"काय अवलंबून असणार? कॉमिक आहे, फुकट वाचतो आपण."

"मला काय माहीत? समज म्हटलं."

"असं समजून आपण गप्प बसायला लागलो तर..."

दार वाजलं. भोईटे सर आत आले आणि त्यांच्याबरोबर बाहेरचा उजेडही आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते.

"हेमा, हेडऑफिसचा पुन्हा फोन आला. शुक्रवारी संध्याकाळी मला कागद स्कॅन करून पाठवायचेत. सही करून टाक बाई."

"शुक्रवारी करते मामा. लागली तर."

"लागली तर म्हणजे?" सर माझ्याकडं वळले. "तुम्हीच समजवा हिला. माझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू? पुण्याच्या कुठल्या स्टुडिओच्या भरवशावर बसलीय ही. ते लोक जानेवारीतपण घेणारच होते म्हणे. घेतलं का? नाही. काय कारण, तर म्हणे गोष्ट लोकांना आधीच कळते. कसली गोष्ट, कुठले लोक, मला तर काही..."

"मामा!"

"बरं, राहिलं. नोकरीच्या जागी सर म्हण." कागद टेबलाच्या कडेला ठेवून ते गेले.

हेमांगी उठली. "ट्रे बदलून आणते," म्हणाली आणि त्यांच्यामागोमाग बाहेर पडली.

मी एकटीच बसले होते. जानेवारी. गोष्ट लोकांना आधीच कळते. जानेवारीत हेमांगीला ताप आला होता. हाताला लागत नव्हता तो ताप, थर्मामीटरवर कधी दिसला नाही, पण दोन आठवडे ती जेवली नव्हती. मी तिला गोळ्या दिल्या होत्या, आणि उशाशी बसून, तिला बरं वाटावं म्हणून, मला आलेल्या कौतुकाच्या कमेंट वाचून दाखवल्या होत्या.

तरी मला पुरावा हवा होता. माझा स्वभावच तसा. मी फोन काढला. त्यात 'तळ'ची चित्रं साठवलेली होती. उजेडाच्या वर्तुळाच्या डाव्या बाजूला एक बारीक शेपूट बाहेर आलेलं असायचं, जिभेसारखं. प्रत्येक चित्रात, त्याच जागी. साइटवर लोक त्याला 'विहिरीची जीभ' म्हणायचे. कुणी म्हणे कठडा ढासळलाय, कुणी म्हणे तिथून कुणीतरी वाकून बघतंय.

मी समोरच्या दिव्याकडं पाहिलं. हेमांगी ज्या दिव्यावर दोन वर्षं काम करत होती, त्याच्याकडं. त्याच्या रबरी कड्याचा एक टवका उडाला होता. अंडं ठेवलं की तिथून उजेड निसटायचा आणि कवचाच्या कडेवर पडायचा. तिच्या बाजूनं बघितलं तर डावीकडं. जिभेसारखा.

माझ्या दिव्याचं कडं शाबूत होतं.

संध्याकाळी टाकीवर गेले तेव्हा इरफान आधीच येऊन बसला होता. "या शास्त्रज्ञ बाई! लोक पेटलेत नुसते. हे ऐका. एक जण लिहितोय, 'भिंतीतून ठोके ऐकू येतात म्हणजे हे कुणाच्या पोटात तर नाहीत?' दुसरा म्हणतो, 'भिंत जिवंत आहे, आम्ही जवळ आलोय, सूक्ष्मदर्शी काय म्हणतो त्यावर ठरवू.' टाका लवकर."

सकाळी मला वाटलं होतं की प्रश्न फक्त टाकायचं की नाही एवढाच आहे. तसा तो नव्हता. मी गप्प बसले असते तर लोक त्या पोटावरून अंड्यावर यायला फार वेळ लागला नसता. शुक्रवार तीन दिवसांवर होता आणि वाचणारे शेकडो होते.

जिना हलला. हेमांगी वर आली. केस ओले, अंगावर फार्मचा निळा गाऊन. ती तिच्या नेहमीच्या पायरीवर बसली नाही. कठड्याला धरून उभी राहिली आणि माळाकडं बघत राहिली. तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही, काही मागितलंही नाही.

"बोला ना," इरफान म्हणाला. "वर्तुळ का मोठं होतंय?"

अंड्याबद्दल फोनवर लिहून ठेवलेलं सगळं मी पुसलं.

"वर्तुळ मोठं होतच नाहीये," मी म्हणाले.

"आँ? पट्टी लावून मोजलंत ना?"

"मोजलं. पण कशाच्या तुलनेत मोजलं? चित्रातल्या माणसांच्या डोक्याच्या तुलनेत. आता गुणोत्तर वाढलं, तर त्याची कारणं दोन. वरची संख्या वाढली, नाहीतर खालची कमी झाली. आपण सगळे वरच्या संख्येकडं बघत बसलो."

"मराठीत सांगा."

"वर्तुळ तेवढंच आहे. माणसं लहान होतायत."

इरफाननं फोन डोळ्यांजवळ नेला.

"खाली उतरतील तसे ते लहान होतायत. म्हणूनच पायऱ्या संपत नाहीत. विहीर काही फार खोल नाही, त्यांची पावलं आखूड झालीत. नवीन भागांत बघ, पायरी उतरताना ते केवढे वाकतात. आधी असे वाकत नव्हते."

"आयला," इरफान म्हणाला. मग डोकं खाजवून, "आणि ठोके?"

"लहान जीवाला मोठे आवाज आणखी मोठे वाटतात. वर गावात कुणी कांडत असेल."

"भिंत गरम लागते ती?"

"लहान शरीर लवकर तापतं आणि लवकर निवतं. हे तर मी पेपरात लिहून मार्क घेतलेत."

मी बोलत होते आणि माझ्याच लक्षात येत होतं की हे चांगलं जमतंय. खोटं असूनही त्याला हात-पाय होते. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर आधी ठरवून त्याच्यामागं पुरावे गोळा करत होते, आणि ते भराभर मिळत होते. त्याची थोडी भीतीही वाटली.

"पण मग कंदिलाचं काय?"

हेमांगीनं विचारलं होतं. ती वळली होती आणि आता सरळ माझ्याकडं बघत होती.

"कसलं कंदिलाचं?"

"माणसं लहान झाली तर हातातला कंदील तेवढाच राहायला पाहिजे. त्यांना तो पेलणार नाही. कुणी ना कुणी विचारेल हे."

तिनं नेमकी फट दाखवली होती. ती बुजवायची कशी तेही मलाच शोधायचं होतं.

"अंगावरचं, हातातलं सगळंच लहान होतं," मी म्हणाले. "जे जे वरून त्यांच्याबरोबर आलं, ते सगळं. विहिरीचं आहे ते तेवढंच राहतं. म्हणून तर भाकरी अजून त्यांच्या हातात मावतेय."

"भाकरी हातात मावतेय," हेमांगी सावकाश म्हणाली. "हो. हे पटेल लोकांना."

"पटेल काय, मला पटलं!" इरफान म्हणाला. "म्हणजे शेवटी मुंगीएवढे होऊन मरणार तर. मी म्हणतच होतो, मेलेतच. टाका, टाका."

मी टाकलं. चित्रं जोडली, त्यांवर रेघा मारल्या, गुणोत्तरांचा तक्ता दिला. आकडे सगळे खरे होते. अंधार पडायच्या आत लोकांनी ते उचलून धरलं. पोटाची आणि जिवंत भिंतीची चर्चा तिथंच थांबली. तीन दिवस सगळे माणसं किती लहान होणार याचेच हिशेब करत होते. कुणी कंदिलाबद्दल विचारलंच, तर इतर लोकच त्याला माझं उत्तर ऐकवायचे.

खोलीत आम्ही दोघी यावर एक शब्द बोललो नाही. बुधवारी तिनं माझे कपडे तिच्याबरोबर धुऊन टाकले. गुरुवारी भांडलोही, पंखा चालू ठेवायचा की बंद यावरून.

शुक्रवारी शेवटचा भाग आला तेव्हा आम्ही तिघं जिन्यावर होतो. इरफान मोठ्यानं वाचत होता. चौघं खाली बसतात. वाटाड्या भिंतीला कान लावतो. मग तो म्हणतो की मी आयुष्यभर खाली बघत चाललो, आता जरा बाजूला बघतो. पुढचं चित्र पूर्ण काळं. त्याच्या पुढच्या चित्रात त्या काळ्यात एक बारीक तडा.

इरफान वाचायचा थांबला. खाली सरकवत गेला, पुन्हा वर आला.

"अंडं," तो म्हणाला. "अरे, अंडं आहे! आपण दिवसभर अंड्यांत, आणि... शास्त्रज्ञ बाई! तुम्ही रोज दिव्यावर बघता की हो! तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"गुणोत्तर म्हणे! मुंगी म्हणे! दोन रात्री मला मुंग्यांची स्वप्नं पडली तुमच्यापायी!"

साइटवर तर विचारायलाच नको. शेवटाचं कौतुक चाललं होतं, लोक रडलो म्हणून लिहीत होते, कुणी पहिल्या भागापासून पुन्हा वाचायला घेतलं होतं, आणि मधूनमधून प्रत्येक जण सूक्ष्मदर्शीला एक टपली मारून पुढं जात होता. 'चष्मा बदला.' 'डिग्री परत करा.' 'माणसं नाही, तुमची अक्कल लहान होतेय.'

हेमांगीचा फोन वाजला. ती चार पायऱ्या खाली उतरली आणि आमच्याकडं पाठ करून बोलली. म्हणजे जवळजवळ फक्त ऐकत होती. हो. हो. नाही, कुणालाच अंदाज नव्हता आला. हो सर. एक तारखेपासून चालेल, फाटक उघडलं की निघते.

"जावईबापू का?" इरफाननं वरून विचारलं.

"जावईबापूच," ती म्हणाली. आवाज ओला होता. ती तिथंच उभी राहून फोनवर काहीतरी लिहीत राहिली.

"अरे, अरे, हे बघा!" इरफान ओरडला. "खडूनं उत्तर दिलंय! आजपर्यंत कधी कुणाला दिलं नव्हतं. तुमच्या पोस्टखाली दिलंय, बाई!"

मी बघितलं. एकच ओळ होती. 'अंदाज चुकला, सूक्ष्मदर्शी. पण इतक्या जपून चुकलेलं मी कुणाला पाहिलं नाही.'

"म्हणजे काय?" इरफाननं विचारलं. "जपून कसं चुकतात?"

"टोमणा असेल," मी म्हणाले.

"असेल. कुठं बसलेला असेल हो हा माणूस आत्ता?"

हेमांगीनं फोन गाऊनच्या खिशात टाकला. "बसलेला नसेल. निघाला असेल," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. खाली भोईटे सर कागदांची पिशवी घेऊन उभे होते. ती त्यांच्यापाशी थांबली, पिशवी हातात घेतली आणि काहीतरी म्हणाली. सरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. मग त्यांनी ते तिच्या डोक्यावर ठेवले.

माझ्या करारावर माझी सही आधीच झालेली होती. माझे त्या फार्मवरचे पुष्कळ दिवस बाकी होते.

"चला बाई, आंघोळीची वेळ झाली," इरफान म्हणाला.

"तू हो पुढं," मी म्हणाले आणि पायरीवर नीट बसले. माझ्या पोस्टखाली शिव्या अजून येतच होत्या, आणि मला त्या एकूणएक वाचायच्या होत्या.